नानांची अर्धी मिशी

“मिशीबी काढ,” नाना म्हणाले. संतोषभाऊंनी सवयीनं कात्री चालवली, डावी बाजू खाली आली, आणि मग त्यांचा हात थांबला.

संतोषभाऊ आमच्या वॉर्डात दर बुधवारी दाढी-कटिंगला येतात. उस्मानपुऱ्यात त्यांचं दुकान आहे. पेशंटशी ते कमी बोलतात. पण मिशी काढायला सांगणं म्हणजे काय, हे न्हाव्याला समजावून सांगावं लागत नाही. गावाकडचा माणूस उगाच मिशी उतरवत नाही. घरातलं वडीलधारं गेलं तरच उतरवतो.

“नाना, घरात कोण वारलं?” त्यांनी हळूच विचारलं.

“अण्णा,” नाना म्हणाले. “दहावा आज हाय का उद्या, मला इथं कोण सांगणार? तू आजच काढून टाक.”

मी शेजारी टॉवेल धरून उभा होतो. अण्णा म्हणजे नानांचे थोरले भाऊ. शुक्रवारी ते नानांना बिडकीनला घरी न्यायला येणार होते. चार दिवसांपूर्वीच सिस्टर त्यांच्याशी फोनवर बोलल्या होत्या.

“नाना, तुम्हाला कोणी सांगितलं जी?” मी विचारलं.

नानांनी व्हरांड्याच्या टोकाकडं बघितलं. तिथं सर खुर्चीत बसून पेपर वाचत होते.

“सरांनी. शिकलेला माणूस हाय. खोटं कशाला बोलंल?”

मी या मानसोपचार वॉर्डात अटेंडंट आहे, कंत्राटी. अटेंडंट म्हणजे पेशंटला उठवायचं, आंघोळ घालायची, जेवू घालायचं, गोळी गिळली का ते जीभ वर करायला लावून बघायचं, आणि दिवसभर नजर ठेवायची. माझं गाव गडचिरोलीकडं. आठवीत शाळा सुटली. मामेभावानं वाळूजच्या कंपनीत चिकटवतो म्हणून इकडं आणलं. ते काम सुटलं, आणि परत जायला तोंड नव्हतं. तेव्हा मॅडमनी मला ठेवून घेतलं. मॅडम म्हणजे आमच्या डॉक्टर, वॉर्डाच्या प्रमुख. “वेड्यांची भीती वाटते का?” त्यांनी विचारलं होतं. “वाटते जी,” मी म्हणालो. “मग चालेल,” त्या म्हणाल्या. का चालेल ते मला आजही नीट कळलेलं नाही. पण त्या दिवसापासून मी इथं आहे, आणि रोज सकाळी गेटातून आत शिरताना वाटतं, आज काढून टाकतील.

मॅडमचा एक नियम आहे. रोज सकाळी सगळ्यांची मीटिंग असते. त्यात आम्हा अटेंडंटनाही बसवतात. विचारतात, “काल काय पाहिलं?” पाहिलं तेच सांगायचं. वाटलं ते सांगायचं नाही. आणि पाहिलेलं सगळं सांगायचं, निवडून नाही. सुरुवातीला मी म्हणायचो, “मॅडम, तो पेशंट उदास वाटला.” त्या म्हणायच्या, “वाटायचं काम माझं. त्यानं चहा घेतला का, ते सांग.”

आता सरांबद्दल सांगतो.

सरांना कोर्टानं ऑब्झर्व्हेशनसाठी पाठवलं होतं. म्हणजे असं, की एखाद्यावर गुन्ह्याची केस असते, आणि त्याचा वकील म्हणतो, माझ्या माणसाचं डोकं ठिकाणावर नव्हतं. मग कोर्ट त्याला आमच्याकडं पाठवतं. डॉक्टरांनी त्याला काही दिवस वॉर्डात ठेवायचं, बघायचं आणि रिपोर्ट द्यायचा. अशा माणसाला मॅडम शक्यतो गोळ्या देत नाहीत. गोळ्या दिल्या तर मूळचा माणूस कसा आहे ते दिसणार कसं? त्याच्यासोबत एक पोलीस बसतो, आणि तो आमच्या नजरेसमोर सगळ्यांत वावरतो.

सरांचा पुंडलिकनगरात गणिताचा क्लास होता. भागीदारीत. भागीदारावर राग धरून त्यांनी त्याला गच्चीवरून मागच्या बोळात ढकललं, अशी केस होती. भागीदार जगला, पण कमरेखालचं अंग गेलं. सोबतचे पोलीस पठाणमामा मला म्हणाले होते, ढकलून झाल्यावर सर जिना उतरून खाली आले, हात धुतले आणि पुढचा वर्ग घेतला. पोरांना काही कळलं नाही. त्या दिवशी त्रिकोण शिकवला म्हणे.

मला हे खरं वाटत नव्हतं. कारण माझ्याशी सर जसे वागले, तसं या शहरात माझ्याशी कोणी वागलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं आणि ‘दिवाकरराव’ म्हणाले. मला आजवर कोणी राव लावला नव्हता. इथले लोक माझ्या ‘जी’ला हसतात. सिस्टर तर मला हाकच मारतात, “ए जी, इकडं ये.” सर हसले नाहीत. “तुमच्याकडं सगळेच असं आदबीनं बोलतात का?” त्यांनी विचारलं. मग शाळेचं निघालं. मला बाहेरून दहावीला बसायचं आहे. कायमच्या जागेला दहावी लागते. गणितावर येऊन गाडं अडतं. सर म्हणाले, “अडतं कसं? खडू आणा.” मी फिजिओथेरपीवाल्यांकडून खडू आणला. त्यांनी व्हरांड्याच्या फरशीवर मला अपूर्णांक शिकवले, फरशीचे चौकोन मोजून. जे मास्तरांच्या छडीनं डोक्यात गेलं नव्हतं, ते एका दुपारी गेलं.  मी त्यांच्या पाया पडलो.

“हौला नै है ये,” पठाणमामा दारातल्या स्टुलावरून म्हणाले. हौला म्हणजे इकडच्या बोलीत वेडा. “मियाँ, हौले को चाय में शक्कर कम-जास्त समझती क्या? इने कल से दो बार चाय वापस कराया.”

“तुम्ही काहीही बोलता मामा,” मी म्हणालो.

“मैं बोलता नै. मैं देखता.”

मॅडमच्या राउंडला मात्र सर निराळे असायचे. मॅडमनी विचारलं, “दोन आणि दोन किती?” तर म्हणायचे, “पाच.” “गाईला पाय किती?” “तीन.” मला वाटायचं, बघा, आजार कसा असतो. घटकाभर माणूस शहाणा, घटकाभर वेडा. मॅडम पुढच्या खाटेकडं वळायच्या.

आणि नाना.

नाना शेतकरी माणूस. पन्नाशीचे असतील. त्यांना आवाज ऐकू येतात. कोणी बोलत नसताना कानात माणसं बोलतात. कोणी म्हणतं ऊठ, कोणी म्हणतं पळ, कोणी म्हणतं तुझ्या जेवणात काय घातलंय बघ. एका उन्हाळ्यात या आवाजांनी त्यांना सांगितलं की अण्णा हे अण्णा नाहीत, अण्णांचं सोंग घेतलेला दुसरा कोणी आहे, आणि तो विहिरीत विष कालवतो आहे. अण्णा विहिरीवर मोटर सुरू करायला वाकले होते. नानांनी मागून खोरं घातलं. अण्णांचा उजवा खांदा तुटला. तो जुळला, पण हात छातीच्या वर जात नाही.

त्यानंतर नाना आमच्याकडं आले. गोळ्या लागू पडायला फार दिवस गेले. आवाज पूर्ण गेले नाहीत, पण लांब गेले. नाना म्हणायचे, “आता ते शेजारच्या वावरात बोलत्यात. बोलू दे.” मॅडमनी त्यांना शिकवलं होतं की बोलणारा माणूस डोळ्यांना दिसला, हाताला लागला, तरच तो आवाज खरा धरायचा.

पण डोकं ताळ्यावर आलं आणि दुसरं दुखणं सुरू झालं. आपण काय केलं ते त्यांना कळलं. रोज जेवायला बसले की भाकरी मोडायचे आणि मला विचारायचे, “अण्णाला उजव्या हातानं घास घेता येतो का रं?” मी म्हणायचो, “येतो जी.” मगच घास तोंडात जायचा.

अण्णा त्यांना न्यायला तयार होते, पहिल्यापासून. वहिनी तयार नव्हत्या. त्यांचंही बरोबर होतं, त्यांनी ते रक्त पाहिलं होतं. शेवटी एकदा त्या वॉर्डात आल्या, नानांशी बोलल्या, आणि जाताना म्हणाल्या, “न्या मग. पण बरा आसंल तरच.” शुक्रवार ठरला. नानांनी पिशवी भरून खाटेखाली ठेवली. आम्हाला सगळ्यांना बिडकीनला हुरड्याला यायचं आमंत्रण दिलं.

सर वॉर्डात आल्यापासून नानांच्या शेजारी बसायचे. मला बरं वाटायचं. एवढा शिकलेला माणूस, एका शेतकऱ्याजवळ तासन्‌तास बसतो, त्याचं ऐकून घेतो. आवाज कसे येतात, कोणत्या कानात येतात, बाईचे की बाप्याचे, सगळं विचारायचे. नाना सांगायचे. त्यांना कोणी इतकं विचारलंच नव्हतं.

मग सरांचे हात थरथरायला लागले.

नानांचे हात तसेच थरथरायचे. अंगठा बोटांवर घासत राहायचा, तंबाखू मळल्यासारखा. तोंड काही नसताना चघळल्यासारखं हलायचं. सरांचंही आता अगदी तसंच व्हायला लागलं. मॅडम आल्या की सुरू, गेल्या की बंद. मी अपूर्णांक शिकायला बसलो की खडू दगडासारखा स्थिर.

आणि त्याच सुमारास नाना बिघडले.

एका सकाळी बघतो तर खाटेवरून उतरून फरशीवर निजलेले. चप्पल घालेनात. एक वेळच जेवायला लागले, तेही दोन घास. कोणाशी बोलेनात. मला अण्णांच्या घासाचं विचारायचेही थांबले. मी मीटिंगमध्ये हे सगळं सांगितलं. मॅडमनी नानांना बोलतं करायचा प्रयत्न केला, नाना भिंतीकडं तोंड करून बसले. नेहमी आजार उलटतो तेव्हा असंच होतं. मॅडमनी गोळी वाढवली आणि शुक्रवार पुढं ढकलला. सिस्टरनी बिडकीनला फोन केला.  सिस्टर सांगत होत्या, अण्णा म्हणाले, “हिला मोठ्या मुश्किलीनं तयार केली होती. आता पुढं ढकललं म्हणून सांगितलं तर परत व्हय म्हणायची नाय.”

म्हणजे नाना कायमचे इथंच राहणार, किंवा इथून मोठ्या वेड्यांच्या इस्पितळात जाणार. तिकडं गेलेली माणसं परत येताना मी फार पाहिलेली नाहीत.

मंगळवारी दुपारी, सगळे पडलेले असताना, सरांनी मला जवळ बोलावलं.

“दिवाकरराव, सकाळी मॅडम तुम्हाला विचारतात ना, काय पाहिलं म्हणून?”

“होय जी.”

“मग उद्या सांगा, सर दुपारी भिंतीशी बोलत होते.”

“पण सर, तुम्ही तर बोलत नाही जी.”

“बोलतो की. ऐका.” ते उठले, भिंतीपाशी गेले, आणि भिंतीला म्हणाले, “मी नाही येणार. मला बोलावू नका. मी नाही येणार.” मान हलवली, हात थरथरवले. मग वळून माझ्याकडं बघून हसले. “झालं. आता तुम्ही पाहिलं. खोटं सांगायचं कारण नाही. आणि दहावीची तुम्ही काळजी करू नका, मी सुटलो की तुमच्यासाठी रोज एक तास.”

घरी जाऊन मला झोप आली नाही. त्या माणसानं मला शिकवलं होतं. त्यानं काही खोटंही बोलायला सांगितलं नव्हतं. मी पाहिलं होतंच. सांगितलं तर काय बिघडलं? नाही सांगितलं तर हा माणूस मॅडमकडं माझी तक्रार करील का? आणि तक्रार केली तर आठवीत शाळा सुटलेल्या अटेंडंटचं खरं धरतील की सरांचं?

आणि बुधवारी सकाळी नाना मिशी काढायला सांगून बसले होते.

मी मॅडमना बोलावून आणलं. मॅडम खुर्ची न घेता नानांजवळ फरशीवरच बसल्या. अर्धी मिशी बघितली.

“नाना, अण्णा गेले असं सर म्हणाले?”

“व्हय. म्हणले, पेपरात आलंय. खांद्याचं दुखणं वाढत गेलं, त्यात गेला. म्हंजी मीच मारला ना?” नाना पहिल्यांदा रडले. “म्हणले, डॉक्टरला सांगू नगा, सुई देत्याल, मग तुमाला सुतकबी पाळता यायचं नाय.”

फरशीवर निजणं, अनवाणी राहणं, एक वेळ जेवणं. आजार उलटला नव्हता. नाना भावाचं सुतक पाळत होते. एकटेच, कोणाला न सांगता, जमेल तसं.

मॅडमनी तिथंच अण्णांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. “नान्या, आरं मी बोलतुय! मला काय धाड भरलीय?” अण्णांचा आवाज व्हरांडाभर घुमला.

नानांनी मान हलवली. “नाय मॅडम. आवाज तर मला रोज येत्यात. अण्णाचाबी येतो. आवाजावर इस्वास ठिवायचा नाय, तुमीच शिकवलंय.”

मॅडमनी फोन तोंडाजवळ घेतला. मग फोनवर म्हणाल्या, “अण्णा, तुम्हाला यावं लागेल. आत्ता.”

“मिळंल त्या गाडीनं निघतो,” अण्णा म्हणाले.

तोवर मीटिंग झाली. मॅडमनी सरांनाही बोलावून घेतलं, पठाणमामांसकट. सर आले ते थरथरत, तोंड चघळत. खुर्चीच्या कडेवर बसले.

“दिवाकर, काल काय पाहिलंस?” मॅडमनी विचारलं.

 सर माझ्याकडं बघत होते, प्रेमानं, वर्गात बघतात तसे.

“सर भिंतीशी बोलले जी,” मी म्हणालो. सरांनी किंचित मान डोलावली. मला वाटलं, इथंच थांबावं. पण नियम सगळं सांगायचा आहे, आणि खिडकीतून मला बाकावर बसलेले नाना दिसत होते. “बोलायच्या आधी त्यांनी मला ऐकायला जवळ बोलावलं. बोलून झाल्यावर म्हणाले, आता तुम्ही पाहिलं, उद्या सांगा. त्यांचे हात मॅडम आल्या की हलतात. मला गणित शिकवताना हलत नाहीत.” मग मला राहवलं नाही. “पण गणित त्यांनी लई चांगलं शिकवलं जी.”

सिस्टरना हसू आलं. मॅडमना आलं नाही.

“सर,” त्या म्हणाल्या, “हात थांबवा आता. हा हात वेडाचा नाही, गोळीचा आहे. नाना कितीतरी महिने ज्या गोळ्या घेतात, त्यांनी असे हात थरथरतात, तोंड चघळतं. तुम्हाला मी एकही गोळी दिलेली नाही.”

ही गोष्ट आमच्या वॉर्डात झाडूवालीलाही माहीत आहे. साइड इफेक्ट म्हणतात त्याला. पण सर बाहेरचे. त्यांना वाटलं, हाच वेडाचा मुख्य भाग असणार. त्यांनी सगळा आजार सोडून नेमकी औषधाची खूण उचलली होती.

सरांचे हात थांबले. नळ बंद केल्यासारखे. तोंडही थांबलं. ते खुर्चीत नीट मागं टेकून बसले.

“तोंडाचंही गोळीनंच?” त्यांनी विचारलं.

“गोळीनंच.”

“हे मला कोणी सांगितलं नाही,” ते म्हणाले. तक्रार केल्यासारखे.

“नानांना भाऊ गेल्याचं का सांगितलंत?”

“बघायचं होतं.”

“काय बघायचं होतं?”

“असा माणूस कोसळतो म्हणजे नेमका काय करतो. मला वाटलं आरडाओरडा करेल, डोकं आपटेल. हा नुसता जमिनीवर झोपला.” त्यांनी खांदे उडवले. “काहीच उपयोगाचं निघालं नाही.”

 मी सरांच्या चेहऱ्याकडं बघत होतो. शरम, राग, भीती, पकडल्या गेलेल्या माणसाच्या तोंडावर काहीतरी येतं. मी चोरी करताना पकडलेली पोरं पाहिली आहेत, दारू लपवणारे पाहिले आहेत. इथं काहीच आलं नव्हतं. अपूर्णांक चुकला की ते म्हणायचे ना, असू द्या, दुसरं घेऊ, तोच चेहरा होता.

अण्णा दुपारी पोचले. उन्हातून आलेले, शर्ट पाठीला चिकटलेला. नाना बाकावर होते. अण्णा समोर जाऊन उभे राहिले, तरी नाना उठले नाहीत. खालून वर बघत राहिले.

“उजवा हात वर कर,” नाना म्हणाले.

“आरं नान्या—”

“वर कर म्हन्तो ना.”

अण्णांनी हात उचलला. छातीपर्यंत आला आणि अडकला. चेहऱ्यावर कळ उमटली.

नानांनी तो हात धरला. खांद्यावरून बोटं फिरवली, हाड जिथं वाकडं जुळलं होतं तिथं थांबली. “तूच हाईस,” ते म्हणाले. “माझ्या डोस्क्यातला अण्णा दोनी हात वर करतो.”

मग दोघंही रडले. मी टॉवेल आणला, पण कोणाला द्यावा ते कळेना.

थोड्या वेळानं अण्णांचं लक्ष गेलं. “आन्‌ ह्ये काय रं? अर्धीच मिशी? माझं दुःख निम्म्यानंच केलंस व्हय?”

संतोषभाऊ दुसऱ्या वॉर्डातलं काम आटपून परत आले होते. ते म्हणाले, “बसा नाना, दुसरी बाजू काढून सारखी करतो. असं घरी कसं जाणार?”

“खबरदार!” अण्णा ओरडले. “मी जिता हाय. मी हाय तवर ह्याच्या मिशीला कात्री लागायची नाय. आसंच घिऊन जाणार.”

मॅडमनी वाढवलेली गोळी परत कमी केली. “दुःख होतं ते, मी आजार समजले,” एवढंच म्हणाल्या आणि केस पेपरवर सही केली. वहिनींना त्यांनी स्वतः फोन केला. मी बाहेर उभा होतो. मॅडम म्हणत होत्या, “बिघडला असता तर त्याला भाऊ मेला काय नि जगला काय, तुमच्या नवऱ्याचं काहीच वाटलं नसतं. सगळं वाटलं म्हणून जमिनीवर झोपला तो.” थोडा वेळ ऐकलं, आणि मग, “नाही, पूर्ण बरा नाही. गोळ्या आयुष्यभर. पण तो तुमचाच आहे.” शुक्रवारी अण्णा आले आणि नाना अर्ध्या मिशीनं घरी गेले. भरून ठेवलेली पिशवी त्यांनी मधे उघडलीच नव्हती.

त्या संध्याकाळी मी मॅडमना विचारलं, “मॅडम, खोरं नानांनी मारलं. सरांनी ढकललं. दोघांनीही माणूस मोडला. मग वेडा कोण जी?”

मॅडम चहा पीत होत्या. मला बसायला सांगितलं.

“वेडात माणसाचं जगच बदलतं, दिवाकर. नानाच्या जगात विहिरीत विष पडत होतं. त्यानं घर वाचवायला खोरं उचललं. चुकीच्या जगात तो बरोबर वागायला गेला. जग जागेवर आलं, तेव्हा त्याला कळलं आपण काय केलं, आणि तो मोडला. सरांचं जग तुझ्या-माझ्यासारखंच आहे. विहीर विहिरीच्या जागी, गच्ची गच्चीच्या जागी. पडलं की माणूस मोडतो हे त्यांना माहीत आहे. फक्त दुसऱ्याचं दुखणं त्यांच्यापर्यंत पोचत नाही. अशा माणसाला सायकोपॅथ म्हणतात. लोकांना वेडा आणि सायकोपॅथ हे दोन्ही शब्द एकच वाटतात.”

“मग रिपोर्टात तो शब्द लिहिणार?”

“कोर्टानं मला तेवढं विचारलेलं नाही. कोर्ट विचारतं, करताना याला कळत होतं का, आणि ते चूक आहे हे कळत होतं का. मी लिहिणार, कळत होतं. माणूस कसा आहे ते न्यायाधीश बघतील.”

“पण माझ्याशी ते चांगले वागले जी. मला राव म्हणाले.”

मॅडमनी कप खाली ठेवला. “तुला काय हवं ते त्यांना पहिल्या दिवशी कळलं. ते त्यांना फार चटकन कळतं. नानाला काय हवं तेही कळलं होतं.”

सोमवारी सरांना परत न्यायला गाडी आली. मी दार उघडलं. मला वाटलं, ते माझ्याकडं बघणार नाहीत, किंवा काहीतरी लागेल असं बोलतील. रात्रभर मी त्याची तयारी केली होती. ते थांबले, आणि नेहमीच्या गोड आवाजात म्हणाले, “दिवाकरराव, समीकरणं राहिली. पण सोडू नका, तुमचं डोकं चांगलं आहे.”

“होय जी,” मी म्हणालो. तोंडातून सवयीनं गेलं.

“चलो मास्तर,” पठाणमामा म्हणाले, आणि माझ्याकडं बघून मान हलवली.

नाना दर महिन्याला अण्णांबरोबर ओपीडीत येतात. पहिल्या वेळी आले तेव्हा मिशी एकीकडं झुपकेदार आणि एकीकडं खुंट होती, आणि लोक वळून बघत होते. अण्णा छातीपर्यंत हात उचलून सगळ्यांना सांगत होते, “माज्यासाठी ठिवलीय तशी.” आता ती दोन्हीकडं सारखी आहे. मॅडमनी हातासाठी वेगळी गोळी दिली, थरथर कमी झाली. आवाज अजून शेजारच्या वावरात आहेत. वहिनीही एकदा आल्या होत्या. त्यांनी नानांना डब्यातली भाकरी मोडून दिली.

मी येत्या मार्चला परीक्षेला बसतोय. अपूर्णांक अजून फरशीचे चौकोन मोजूनच सोडवतो. उत्तर बरोबर येतं. मॅडम म्हणतात, कोणी शिकवलं त्यानं गणित बदलत नाही. ते खरं आहे. पण मला लहानपणापासून कोणी काही दिलं की आभार मानायची सवय. प्रत्येक उत्तर बरोबर आलं की हात जोडायला उठतात, आणि मी ते परत वहीवर ठेवतो.